बेस गळतो कुठून?

डग्गा किंवा ढोल ठळक ऐकू येईल असं एखादं रेकॉर्डिंग लावा आणि ते चालू असताना कानातला इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. बहुतेकांना डग्गा एकदम भरून आल्यासारखा वाटतो, आणि बोट काढलं की पुन्हा उतरतो. इअरफोनमध्ये काहीच बदललेलं नसतं. बदलते ती सिलिकॉनची टिप (दुकानात मागताना आपण तिला 'रबर' म्हणतो) आणि कानाची कातडी यांच्यामधली फट.

50 हर्ट्‌झच्या स्वराची हवेतली तरंगलांबी जवळपास 7 मीटर असते. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटीमीटर लांब आणि सातेक मिलिमीटर रुंद. एवढ्याशा जागेत ती लाट मावायचा प्रश्नच नाही. कानाचा पडदा आणि इअरफोन यांच्यामध्ये कोंडलेली हवा सगळीच्या सगळी एकदम दाबली जाते आणि एकदम सैल होते. खोलीभर बेस ऐकवायला आठ-दहा इंची वूफर लागतो आणि कानात तेच काम 10 मिलिमीटरचा ड्रायव्हर (इअरफोनमधला चिमुकला स्पीकर) करतो, ते या कोंडलेल्या हवेच्या जोरावर.

फट राहिली की दाब तिथून निसटतो, पण सगळ्या स्वरांचा सारखा नाही. 50 हर्ट्‌झला दाब सेकंदात 50 वेळाच चढतो-उतरतो, त्यामुळे हवेला फटीतून बाहेर जाऊन परत यायला भरपूर सवड मिळते. 3000 हर्ट्‌झला तेवढी उसंत नसते आणि फटीतली हवा स्वतःच्या जडत्वामुळे जवळजवळ जागची हलत नाही. म्हणून डग्गा गळतो आणि झांजा मात्र तशाच वाजत राहतात. आवाज पातळ आणि किरकिरा लागतो. मग लोक इक्वलायझरमध्ये बेस वर चढवतात. तो चढवलेला बेसही त्याच फटीतून जातो, वर बिचाऱ्या ड्रायव्हरची फरपट होते ती वेगळीच.

आता फट राहते का, ते पाहू. टिप गोल असते, पण कानाची नळी लंबगोल आणि नागमोडी. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, आतला हाडाचा. जबड्याचा सांधा नळीच्या अगदी पुढ्यात असतो. करंगळी कानात घालून तोंड उघडलंत तर भिंत सरकलेली बोटाला कळते. शिवाय डावा आणि उजवा कान सारखाच असेल याचा भरवसा नाही, त्यामुळे एका कानात मध्यम आणि दुसऱ्यात मोठी टिप घालण्यात काही गैर नाही. गोल टिप लंबगोल भोकात गेली की तिची पातळ झालर कुठेतरी दुमडते आणि तिला एक चुणी पडते. ही चुणीच बेसची वाट. टिप फार मोठी घेतली तर चुण्या आणखी वाढतात. 'सैल वाटते, मोठी घाला' हा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे.

यावरची सगळ्यात साधी दुरुस्ती मला फार आवडते. आवाजापासून बचाव म्हणून कारखान्यात वापरतात ते फोमचे इअरप्लग घ्यायचे. दाबले की चपटे होतात आणि हळूहळू फुगतात, तसले. नव्या ब्लेडने त्यातल्या एकाची तीनेक मिलिमीटर जाडीची चकती कापायची आणि मधोमध भोक पाडायचं. टिपेची झालर बाहेरच्या बाजूला पूर्ण उलटवली की मधली नळकांडी उघडी पडते. तिच्यावर ही चकती चढवायची आणि झालर पुन्हा खाली ओढायची. फोम झालरीच्या पोटात दडतो. कानात गेल्यावर तो सावकाश फुगून झालरीला आतून चारी बाजूंनी रेटा देतो, आणि चुणी पडायची तिथे सिलिकॉन कातडीला चिकटून बसतं. चकती जाड झाली तर टिप दगडासारखी लागते आणि अर्ध्या तासात कान दुखतो, म्हणून सुरुवात पातळ चकतीने करावी. पूर्ण फोमच्या टिपा झांजांची धार थोडी बोथट करतात, कारण त्यांतला फोम आवाजाच्या वाटेतच असतो. इथे तो वाटेच्या बाहेर राहतो.

चकती चिकटवायच्या फंदात पडू नये. सिलिकॉनचा पृष्ठभाग असा असतो की साधा गोंद काय, फेविक्विकसुद्धा त्यावर धड धरत नाही. बाथरूमच्या फटी भरायचं सिलिकॉन धरतं, पण त्यातले बरेच प्रकार वाळताना ॲसिटिक आम्ल सोडतात. कानाच्या कातडीजवळ ते नकोच.

टिप किती आत जाते, त्यानेही आवाज बदलतो. माठ भरत आला की त्याचा आवाज चढत जातो, तसंच इथे होतं. टिप आणि पडदा यांच्यामधला हवेचा स्तंभ जितका आखूड, तितका त्याचा अनुनाद वरच्या वारंवारतेला. नेहमीच्या बैठकीत तो 8000 हर्ट्‌झच्या आसपास येतो आणि 'स'कार टोचू लागतात. टिप जराशी आत सरकली तर हे टोचणं पुष्कळदा कमी होतं. त्यासाठी जुन्या टिपेच्या नळकांडीची मिलिमीटरभर रिंग कापून नॉझलवर, म्हणजे टिप जिच्यावर बसते त्या इअरफोनच्या नळीवर, आधी चढवतात, म्हणजे नवी टिप तेवढी पुढे बसते. भोकाच्या रुंदीचाही परिणाम होतो. टोकाकडे रुंद होत जाणारी नळी वरच्या स्वरांना उठाव देते. श्रवणयंत्रांच्या क्षेत्रात हे जुनं आहे, 'लिबी हॉर्न' नावाची तशी नळी त्यांच्या कानात बसणाऱ्या साच्यांत वापरतात. इअरफोनच्या रुंद तोंडाच्या टिपांतही तोच गुण थोडाफार असतो.

रिंग घातल्यावर टिप ओढून बघायलाच हवी. नॉझलच्या टोकाला टिप अडकावी म्हणून बारीक कडा असते. रिंगेमुळे टिप त्या कडेच्या पुढे गेली, तर इअरफोन काढताना ती कानातच राहू शकते. तसं झालंच तर चिमटा न घालता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावं. वायरलेस इअरफोनची अडचण निराळी. टिप लांबली की डबीचं झाकण नीट बसत नाही, कधी चार्जिंगच्या पिना टेकत नाहीत, आणि सकाळी एकच कान चार्ज झालेला मिळतो.

फट बुजली की बाहेरचा गोंगाटही कमी होतो, त्यामुळे लोकलमध्ये आवाज कमी ठेवूनही गाणं ऐकू येतं. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास अशी आहे. डब्यातल्या खडखडाटावर मात करायला आवाज चढवत नेला की ती ओलांडायला वेळ लागत नाही.

मात्र नळी पूर्ण बंद केली की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि चालताना प्रत्येक पाऊल धप्प वाजतं. बोलण्याची, चालण्याची कंपनं हाडांतून कानाच्या नळीत उतरतात. एरवी ती नळीच्या उघड्या तोंडाने बाहेर पडतात, आता कोंडतात. टिप पार हाडाच्या भागापर्यंत नेली तर घुमणं बरंच कमी होतं. एटिमॉटिक कंपनीचा 1991 चा ईआर-4 हा इअरफोन तीन झालरींच्या टिपेने तेवढा खोल बसतो, पण तिथली कातडी पातळ आणि हुळहुळी असल्याने सगळ्यांना ते सोसत नाही. श्रवणयंत्राचा साचा करणारे दुसरी वाट धरतात. कानाचं माप घेऊन तंतोतंत बसणारा साचा करतात आणि मग त्यात मुद्दाम एक बारीक आरपार भोक ठेवतात. भोक केवढं, हे त्या माणसाला खालचे स्वर मुळात किती ऐकू येतात त्यावर ठरतं. ते चांगले ऐकू येत असतील तर भोक मोठं. यंत्राचा बेस गळला तरी चालतो, कारण खालचे स्वर त्याच भोकातून बाहेरून थेट आत येतात.