पंधरावा माणूस आल्यावर: सॉफ्टवेअर टीमच्या वाढीमागचा इतिहास

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडी इथे सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या छोट्या कंपन्यांची आता कुणाला नवलाई वाटत नाही. बहुतेकींची सुरुवात चार-पाच जणांनी, एका खोलीत होते. तेव्हा व्यवस्थापन म्हणून वेगळं काही करावं लागत नाही. मान वर केली की सगळी टीम दिसते. माणसं पंधरा-वीस झाली की गाडी अडखळू लागते. एकच बग (प्रोग्राममधली चूक) दोघं दुरुस्त करतात, एकाच्या बदलामुळे दुसऱ्याचं काम मोडतं, ग्राहकाची तक्रार कुणाच्या वाट्याची हेच ठरत नाही. मग दोष माणसांना दिला जातो: नवी मुलं मन लावत नाहीत, जुनी कुणाला शिकवत नाहीत. खरं कारण स्वभावात नाही, संख्येत आहे, आणि ते साठ वर्षांपूर्वीच कळून चुकलं आहे.

हिशेब सोपा आहे. पाच जणांत एकमेकांशी बोलणाऱ्या जोड्या दहा होतात. आठ जणांत २८, पंधरा जणांत १०५, पन्नास जणांत १,२२५. माणसं तिप्पट झाली की जोड्या जवळपास दहापट होतात. प्रत्येक जोडीला रोज बोलावं लागतं असं नाही, पण कोणाला काय सांगायला हवं हे ठरवण्याचं ओझं त्याच वेगाने वाढत जातं. सॉफ्टवेअर कंपन्यांनी आजवर काढलेल्या बहुतेक व्यवस्था या जोड्या आटोक्यात ठेवण्यासाठी आहेत. कोणती व्यवस्था किती माणसांसाठी आणि कोणत्या अडचणीवर निघाली हे माहीत नसेल, तर तिची नक्कल अंगाशी येते.

हा धडा मोठी किंमत मोजून शिकली ती आयबीएम. एप्रिल १९६४ मध्ये कंपनीने सिस्टिम/३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली. तिच्यासाठी लिहिल्या जाणाऱ्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमवर ऐन भरात हजाराहून अधिक माणसं होती आणि १९६३ ते १९६६ या काळात तिच्यावर सुमारे पाच हजार माणूस-वर्षं (एका माणसाचं वर्षभराचं काम म्हणजे एक माणूस-वर्ष) खर्ची पडली. तरीही काम वेळेत झालं नाही. त्या कामाचे प्रमुख फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ च्या पुस्तकात त्याचं सार मांडलं: उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो.

हे कसं घडतं ते छोट्या टीमवरही दिसतं. सहा जणांची टीम महिनाभर मागे पडली म्हणून आणखी तिघांना घेतलं असं धरू. कोडबेस (आजवर लिहिलेला सगळा कोड), ग्राहकाचा व्यवहार आणि सर्व्हरची मांडणी समजावून सांगायला पहिले सहा आठवडे प्रत्येक नव्या माणसामागे एका जुन्याचा अर्धा दिवस जातो. म्हणजे तिघांपायी दीड माणूस कामातून गेला. सहाचे साडेचार उरले. जोड्या १५ वरून ३६ वर गेल्या. शिवाय सहा जणांत वाटलेलं काम आता नऊ जणांत वाटायचं, तर अर्धवट झालेले तुकडे मोडून पुन्हा जोडावे लागतात, आणि सर्वाधिक चुका तिथेच होतात. नियम उशीर झालेल्या कामापुरता आहे, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. मोठं रिलीज (नवी आवृत्ती ग्राहकाला देणं) पार पडल्यानंतर भरती केली, तर शिकवायला वेळही मिळतो आणि काम वाटायला मोकळीकही.

ओएस/३६० प्रकल्पातली दुसरी गोष्ट आम्हाला तितकीच मोलाची वाटते. सगळ्यांना सगळं माहीत असलं पाहिजे, अशी ब्रुक्स यांची तेव्हा धारणा होती. त्यासाठी प्रकल्पाची एक कागदी वही होती आणि तिच्या प्रती प्रोग्रामरांकडे असत. सहा महिन्यांत ती पाच फूट जाड झाली, आणि रोज सरासरी दीडशे बदललेली पानं तिच्यात घालावी लागत. शेवटी ती मायक्रोफिशवर, म्हणजे पानांच्या सूक्ष्म प्रतिमा असलेल्या फिल्मवर, न्यावी लागली. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये याच्या नेमकं उलट सांगितलं: प्रत्येक भागाने आपलं आतलं काम झाकून ठेवावं आणि बाहेर फक्त ठरलेला व्यवहार दाखवावा. पार्नास बरोबर होते आणि आपण चुकलो, असं ब्रुक्स यांनी आपल्या त्या पुस्तकाच्या १९९५ च्या आवृत्तीत स्वच्छ कबूल केलं. वीस जणांच्या टीमचा प्रत्येक निरोप एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो, तेव्हा तीच पाच फुटी वही पुन्हा तयार होत असते. कामाचं काय ते कुणीच वाचत नाही.

टीमची रचना आणि सॉफ्टवेअरची रचना यांचं नातं दाखवलं ते संगणकशास्त्रज्ञ मेल्विन कॉनवे यांनी. एप्रिल १९६८ मध्ये डेटामेशन मासिकात त्यांचा लेख आला. त्याआधी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूने तो पुरेसा पुरावा नाही म्हणून परत केला होता. संस्था जी प्रणाली बनवते, तिची ठेवण त्या संस्थेतल्या बोलण्याच्या वाटांसारखीच होते, हा त्याचा गाभा. लेखातलं उदाहरण साधं आहे. एका संस्थेत आठ जणांना कोबोल आणि अल्गोल या प्रोग्रामिंग भाषांचे कंपायलर (लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत आणणारे प्रोग्राम) बनवायचे होते. पाच जण कोबोलवर, तीन अल्गोलवर. कोबोलचा कंपायलर पाच टप्प्यांत चालणारा झाला, अल्गोलचा तीन टप्प्यांत.

म्हणून टीम कशी फोडायची हा प्रश्न मनुष्यबळ विभागाचा नाही, तांत्रिक आहे. पंधरा जणांच्या 'स्क्रीन करणारे', 'सर्व्हर करणारे' आणि 'टेस्टिंगवाले' अशा तीन टीम केल्या, तर ग्राहकाचं प्रत्येक छोटं काम तीन दारांतून जातं आणि दर दाराशी थांबतं. त्याऐवजी एका टीमकडे आंब्याच्या ऑर्डर आणि पैसे, दुसरीकडे वाहतूक आणि साठा, असा एकेक व्यवहार अथपासून इतिपर्यंत दिला, तर बहुतेक कामं टीमच्या आतच संपतात. दोन टीममध्ये फक्त डेटा कोणत्या स्वरूपात द्यायचा एवढंच लिहून ठरवावं लागतं.

कोकणाला अशी विभागणी परकी नाही. १९९० मध्ये स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळाने रोहा ते मंगळूरच्या मार्गाचे ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली सात विभाग केले: महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी. प्रत्येक सुमारे शंभर किलोमीटरचा, प्रत्येकावर एक मुख्य अभियंता. बोगदे, पूल आणि रूळ अशी कामाच्या प्रकारावर फाळणी न करता अख्खा टप्पा एकाच्या हाती दिला. हद्दीवर रूळ एका पातळीत, एका अंतरावर मिळालेच पाहिजेत, ही अट मात्र सगळ्यांना सारखी. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर गाडी धावली. टीम फोडायला बसलेल्या प्रत्येकाने हा नकाशा समोर ठेवावा असं आम्हाला मनापासून वाटतं.

आयबीएममध्येच हार्लन मिल्स यांनी वेगळी वाट धरली. एक कसलेला मुख्य प्रोग्रामर, त्याच्या तोडीचा एक जोडीदार, नोंदी आणि फाइली सांभाळणारा एक ग्रंथपाल आणि गरजेपुरते इतर. निर्णय एकाचा, होडीवर तांडेलाचा असतो तसा. न्यूयॉर्क टाइम्सच्या कात्रणांची माहिती शोधणारी प्रणाली या पद्धतीने २२ महिन्यांत, सुमारे ११ माणूस-वर्षांत, ८३ हजार ओळींची झाली. दहाच्या आतल्या टीमला ही रचना आजही शोभते. वाढीबरोबर ती मोडते, कारण सगळे निर्णय त्या एकाच्या टेबलावर साचतात आणि तो आजारी पडला की काम थांबतं. जोडीदार हवाच असा मिल्स यांचा आग्रह होता. नक्कल करणारे नेमका तोच गाळतात.

भारतात वाढीचा प्रश्न निराळ्या रूपात आला. टाटा कन्सल्टन्सी १९६८ मध्ये मुंबईत सुरू झाली, इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात. इथलं काम परदेशी ग्राहकासाठी, दुरून, आणि दरवर्षी कॉलेजातून आलेल्या नव्या मुलांकडून करून घ्यायचं होतं. ग्राहकाला भरवसा द्यायला कार्यपद्धती लागली. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संस्थेत वॉट्स हम्फ्री यांच्या पुढाकाराने तयार झालेली, कंपनीची कार्यपद्धती किती पक्की ते मोजणारी पाच पातळ्यांची सीएमएम मोजपट्टी १९९१ मध्ये आली आणि भारतीय कंपन्यांनी ती जितकी मनावर घेतली तितकी क्वचितच कुणी घेतली असेल. खाली अनेक नवे, त्यावर लीड (टीमप्रमुख), त्यावर प्रोजेक्ट मॅनेजर, अशी उतरंड तिथूनच पक्की झाली. कोकणातून मुंबई-पुण्याला नोकरीला गेलेल्या पिढ्या याच उतरंडीत घडल्या आणि परतताना ती सवय घेऊन आल्या. हजारो माणसांना ती तारते. बारा जणांत तीन मॅनेजर नेमले की काम करणारे नऊच उरतात.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या स्नोबर्ड इथे सतरा जणांनी अजाइल जाहीरनाम्यावर सह्या केल्या. छोटी टीम, छोटे टप्पे, ग्राहकाशी सतत बोलणं यावर त्याचा भर होता. त्याच सुमारास गुगलने इंजिनिअरिंग मॅनेजर काढूनच टाकले. प्रयोग काही महिनेच टिकला. खर्चाच्या मंजुरीपासून आपसातल्या भांडणांपर्यंत सगळं थेट सहसंस्थापक लॅरी पेज यांच्याकडे जाऊ लागलं. २००९ मध्ये त्याच कंपनीने चांगल्या मॅनेजरची लक्षणं तपासली. आठ लक्षणांत माणसं घडवणं पहिलं आलं, तांत्रिक कौशल्य शेवटचं.

हे आपल्याकडे फार कमी ध्यानात घेतलं जातं. पहिला लीड निवडताना सगळ्यात उत्तम कोड लिहिणाऱ्याला बढती मिळते, कारण पगार वाढवायचा दुसरा रस्ताच नसतो. कंपनी चांगला प्रोग्रामर गमावते आणि नाराज मॅनेजर कमावते. यावर उपाय जुना आहे: तांत्रिक आणि व्यवस्थापनाची अशा दोन शिड्या, दोन्हींवर सारखा पगार. आयबीएमने तांत्रिक माणसांसाठी फेलो हा सर्वोच्च दर्जा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच निर्माण केला होता. वीस जणांच्या कंपनीलाही हे जमतं. एक वरिष्ठ पद आणि पगाराची एक लेखी पट्टी पुरते. लीड झालेल्याकडे सात-आठांपेक्षा जास्त माणसं नसावीत, नाहीतर प्रत्येकाशी आठवड्याला अर्धा तास निवांत बोलणं होत नाही.

ॲमेझॉनने दोन पिझ्झांत पोट भरेल एवढीच टीम हा दंडक घातला तो शतकाच्या सुरुवातीला. स्पॉटिफाय या संगीत ऐकवणाऱ्या कंपनीची स्क्वॉड (छोटी टीम) आणि ट्राइब (अशा टीमचा गट) यांची रचना २०१२ मधल्या एका लेखाने जगभर पोचली. तेव्हा त्यांच्या तीन शहरांत तीसहून अधिक टीम होत्या, आणि ही आजची स्थिती आहे, ती बदलत राहील, असं लेखकांनी त्यातच बजावलं होतं. पंधरा जणांच्या कंपनीत ती नावं देऊन काहीच हाती लागत नाही.

कोड लिहिणारे आणि सर्व्हर चालवणारे वेगळे ठेवले की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात, हा अनुभव जुनाच. २००९ मध्ये फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळाच्या इंजिनिअरांनी दिवसाला दहाहून अधिक वेळा नवा कोड सर्व्हरवर कसा चढवतो (डिप्लॉय करतो) ते जाहीरपणे मांडलं आणि त्याच वर्षी बेल्जियममध्ये ही दोन कामं एकत्र आणणाऱ्या डेव्हऑप्स पद्धतीची पहिली परिषद भरली. जो लिहितो तोच रात्रीचा फोन उचलतो, हा त्याचा अर्थ. त्यासाठी पाळी लावायला सहा ते आठ जण हवेत. चारच असले तर प्रत्येकाचा महिन्यातला एक आठवडा झोपमोडीचा जातो, आणि वर्षभरात कुणीतरी नोकरी सोडतो.

कोकणात या पाळीला आणखी एक बाजू आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक गावांची वीज आणि मोबाइल दोन्ही बरेच दिवस बंद होते; पुढच्या मे महिन्यात तौक्तेने किनाऱ्याला पुन्हा झोडपलं. म्हणून पाळीवरचा मुख्य माणूस आणि त्याचा पर्यायी एकाच तालुक्यातले नसावेत. सर्व्हर बंद पडल्यावर काय करायचं ते कुणा एकाच्या डोक्यात नको. ते लिहिलेलं असावं आणि ज्याने ते लिहिलं नाही अशा कुणीतरी एकदा करून पाहिलेलं असावं. गणपतीत तर अख्खी टीम एकाच वेळी सुट्टीवर जाते. चतुर्थीच्या आठवडाभर आधी शेवटचं डिप्लॉय, गौरी-गणपतींच्या विसर्जनापर्यंत नवं काही नाही, आणि त्या दिवसांतला फोन ज्यांच्या घरी गणपती नाही त्यांच्याकडे, बदल्यात त्यांना नंतर तेवढीच रजा. हे जानेवारीतच कॅलेंडरवर टाकून ग्राहकाला लेखी कळवावं लागतं, कारण ऑगस्टमध्ये सांगितलं तर त्याच्या रिलीजच्या तारखा आधीच ठरलेल्या असतात.