टोपलीखाली भुसा का पडतो?

नव्या टोपलीखाली काही महिन्यांत पिवळसर, पिठासारखा भुसा पडू लागला, तर विणकरीला दोष देऊ नका. चूक बांबू तोडतानाच झालेली असते. बांबूत साठलेल्या स्टार्चच्या ओढीने भुंगेरे टाचणीच्या डोक्याएवढी भोकं पाडून आत शिरतात आणि त्यांच्या अळ्या कांब पोखरतात.

उन्हाळ्यात, कोंब फुटण्याआधी हा साठा भरलेला असतो. पावसाळ्यात तो कोंब वाढवण्यात खर्ची पडतो, म्हणून तोड पाऊस सरल्यावर करावी. कोंब जमिनीतून वर येतो तो पुरत्या जाडीनेच. काही महिन्यांत उंचीही गाठतो, पण टणक व्हायला वर्षं लागतात. वर्षाच्या आतला बांबू वाळताना आक्रसतो आणि वीण ढिली पडते. फार जून झालेला वाकवताना मोडतो. विणायला दोन-तीन वर्षांचाच बरा.

विदर्भातली मानवेल ही बांबूची जात बुंध्याशी जवळजवळ भरीव असते. टोपलीला तिची मधली, लांब पेरं घ्यावीत. पेरातले सगळे धागे उभे असतात, आडवे नसतातच. म्हणून कोयत्याचं पातं एकदा आत गेलं की बांबू सरळ चिरत जातो, आणि गाठीशी धागे वळतात तिथेच अडतो. चिरताना फाळ, म्हणजे चिरलेला भाग, एका बाजूला बारीक होऊ लागला, तर जाड बाजू जास्त वाकवायची. चीर तिकडे वळते. धाग्यांची दाटी बाहेरच्या हिरव्या पाठीत, आतला पांढरा गर भुसभुशीत. काठ बांधायला पाठीचीच पट्टी हवी.

आता मोजणी. सेंटीमीटरभर रुंदीच्या 8 कांबी मध्यावर एकमेकींवर टाकल्या की 16 टोकं होतात. एक टोक मधोमध चिरून 17 करायची. एकाच धाग्याने, म्हणजे विणायच्या बारीक पट्टीने, विणताना टोकं सम असली तर प्रत्येक फेरीत धागा त्याच कांबीवरून जातो आणि वीण बसतच नाही. विषम संख्येत तो पुढच्या फेरीत आपोआप खालून जातो. साधं अंकगणित, पण अख्खी टोपली त्यावर उभी राहते!

दर तीन-चार फेऱ्यांनी वीण ठोकून खाली दाबावी. कांबी कोरड्या पडल्या तर पाण्यात भिजवाव्यात.

तोडलेला बांबू दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला की साखर बरीच धुऊन जाते. नंतर तो सावलीत वाळवावा. कडक उन्हात तडकतो.