तळरंग : ट्रेलरवरून नेल्या जाणाऱ्या फायबरग्लास शीडनौकेचा

नौकेच्या जलरेषेखालच्या भागावर पाण्यातील जीव चिकटून वाढू नयेत म्हणून लावल्या जाणाऱ्या आणि जीवनाशक द्रव्य हळूहळू पाण्यात सोडणाऱ्या लेपाला तळरंग म्हणतात. नौका बाळगणाऱ्यांच्या बोलण्यात यासाठी ‘अँटिफाउलिंग’ हाच शब्द रूढ आहे. प्रस्तुत नोंद मोटारीमागे ट्रेलर जोडून नेता येणाऱ्या, साधारणपणे ५ ते ८ मी. लांबीच्या फायबरग्लास शीडनौकांपुरती मर्यादित आहे. या नौकांचा प्रश्न मोठ्या जहाजांहून निराळा आहे. जहाज वर्षानुवर्षे पाण्यातच असते. ही नौका काही दिवस किंवा एखादा हंगाम पाण्यात आणि उरलेला काळ कोरड्यावर असते. बहुतेक तळरंग मात्र सतत भिजलेल्या पृष्ठभागासाठीच घडवलेले आहेत. निवडीतील बऱ्याच चुकांचे मूळ या विसंगतीत सापडते.

जीवांची वाढ : पाण्यात उतरवलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर प्रथम सेंद्रिय रेणूंचा अदृश्य थर बसतो, त्यावर जिवाणू व डायाटम (सूक्ष्म एकपेशीय शैवाले) यांचा बुळबुळीत लेप चढतो आणि त्यानंतर शैवाले, बार्नॅकल (पृष्ठभागाला घट्ट चिकटणारे कठीण कवचाचे लहान सागरी जीव), शिंपले, नळीकृमी इत्यादींची वसाहत होते. हा क्रम सर्वत्र काटेकोरपणे पाळला जातोच असे नाही. बार्नॅकलची डिंभके (अळीसारखी पिल्ले) अनुकूल पृष्ठभाग मिळाल्यास बुळबुळीत थराची वाट न पाहताही स्थिरावतात. ती पृष्ठभागावर चालत जागा चाचपतात आणि एकदा चिकटस्राव सोडला की तेथून हलत नाहीत. म्हणून तळरंगाचे काम चिकटलेला जीव मारण्यापेक्षा चिकटण्याच्या क्षणी त्याला परावृत्त करण्याचे आहे. गोड्या पाण्यात बार्नॅकल नसतात. तेथे बुळबुळीत थर व हिरवे शेवाळ हाच मुख्य त्रास असतो, आणि काही प्रदेशांत झेब्रा शिंपल्यांचा.

इतिहास : तळरंगाचा सर्वांत जुना लेखी पुरावा म्हणून ईजिप्तमधील एलिफंटाइन येथील अरामी पपायरसचा उल्लेख विसाव्या शतकाच्या मध्यापासून अनेक संदर्भग्रंथांत वारंवार आला आहे. आर्सेनिक व गंधक तेलात मिसळून ते जहाजाच्या अंगाला सारखे लावले आणि त्यामुळे जहाज निळ्या पाण्यातून विनासायास धावेल, अशा आशयाचे एक सुरस वाक्य त्या पपायरसातील म्हणून उद्धृत केले जाते. आर्थर काउली यांनी १९२३ मध्ये संपादित केलेल्या अरामी पपायरसांत ज्या दस्तऐवजाशी या वाक्याचा संबंध जोडता येतो, तो पर्शियन क्षत्रप अर्शाम याच्या नावाने निघालेला नौकादुरुस्तीचा आदेश असून त्याचा काळ इ.स.पू. ४१२ किंवा ४११ मानला जातो. त्यात लाकूड, खिळे, कापड यांच्या बरोबरीने आर्सेनिक व गंधक ही द्रव्ये मोजमापासह नोंदलेली आहेत. मात्र ती कशासाठी, हे सांगितलेले नाही. आदेशाचे स्वरूप सामानाच्या यादीचे आहे आणि उद्धृत वाक्यातील काव्यमय सूर त्याच्याशी जुळत नाही. त्यामुळे ही द्रव्ये तळाच्या लेपासाठी असावीत हे अनुमान संभाव्य मानावे, पण ते वाक्य पुरावा म्हणून वापरू नये, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

शिशाच्या पत्र्याबाबतही असाच मतभेद आहे. सायप्रसजवळ सापडलेल्या इ.स.पू. चौथ्या शतकातील किरेनिया जहाजाच्या तळावर शिशाचा पत्रा होता. काही अभ्यासक त्याचा हेतू लाकूड पोखरणाऱ्या जीवांपासून संरक्षण हा मानतात. इतरांच्या मते म्हाताऱ्या जहाजाची गळती थांबवण्यासाठी तो ठोकला असावा. जहाजावर अनेकदा झालेल्या दुरुस्त्या पाहता दुसरे मत डावलता येत नाही. १६२५ मध्ये विल्यम बील यांना इंग्लंडमध्ये मिळालेल्या एकस्वात (पेटंटात) समुद्रकिडे व बार्नॅकल यांपासून जहाजांचे रक्षण करणाऱ्या मिश्रणाचा उल्लेख आहे. त्यात तांबे होते असे बहुधा गृहीत धरले जाते, पण मिश्रणाचे घटक निश्चितपणे ठरवता येत नाहीत.

तांब्याच्या पत्र्याचा खात्रीचा इतिहास ब्रिटिश नौदलाच्या ‘अलार्म’ या युद्धनौकेपासून सुरू होतो. पत्रा बसवल्याचे वर्ष काही ग्रंथांत १७५८ असे आढळते. परंतु ते नौकेच्या जलावतरणाचे वर्ष असून पत्र्यासाठी १७६१ हे वर्ष अधिक विश्वसनीय आहे. तळावर जीव चिकटले नाहीत, मात्र तांब्याच्या सान्निध्याने लोखंडी खिळे झिजून गेले. पुढे हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये तांब्याची झीज थांबवण्यासाठी पत्र्याला लोखंड किंवा जस्त जोडले. झीज थांबली, पण तळावर शेवाळ व बार्नॅकल वाढू लागले. प्रयोग व्यवहारात अपयशी ठरला तरी त्याने या विषयातील सर्वांत मोलाची गोष्ट उघड केली : तांबे रक्षण करते ते स्वतः विरघळते म्हणून. जे तांबे विरघळत नाही ते निरुपयोगी असते. ट्रेलरवरच्या नौकेच्या मालकाने लक्षात ठेवण्यासारखी याहून महत्त्वाची गोष्ट या नोंदीत दुसरी नाही.

लोखंडी जहाजांवर तांब्याचा पत्रा ठोकणे शक्य नसल्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर विषारी द्रव्ये मिसळलेल्या रंगांची एकस्वे मोठ्या संख्येने निघाली. अमेरिकेत टार व वॉन्सन यांनी १८६३ मध्ये घेतलेले ताम्र-ऑक्साइडयुक्त रंगाचे एकस्व त्यांपैकी प्रसिद्ध आहे.

क्रियाविधी : आजच्या बहुतेक तळरंगांतील मुख्य जीवनाशक क्युप्रस ऑक्साइड हे तांब्याचे लालसर, जड चूर्ण आहे. समुद्राच्या पाण्यातील क्लोराइडच्या साहाय्याने ते विरघळते आणि मुक्त झालेल्या तांब्याचे ऑक्सिडीकरण होऊन क्युप्रिक आयन बनतात. हे आयनच डिंभकांना बाधक ठरतात. बार्नॅकल दूर ठेवण्यासाठी दर चौ. सेंमी. पृष्ठभागातून दिवसाला सुमारे १० मायक्रोग्रॅम तांबे सुटावे लागते, हा अंक विसाव्या शतकाच्या मध्यातील अमेरिकी संशोधनातून रूढ झाला. कमी क्षारतेच्या पाण्यात याहून बराच कमी दर पुरतो असे अलीकडील मापने सुचवतात, आणि जुना अंक सार्वत्रिक नियम मानू नये हे बरे. बुळबुळीत थरावर तांब्याचा प्रभाव कमी पडतो. म्हणून झिंक पायरिथिऑनसारखे सहजीवनाशक त्यात मिसळतात.

तांबे किती वेगाने सुटेल हे त्याला धरून ठेवणाऱ्या बंधकद्रव्यावर ठरते. कठीण रंगात बंधक पाण्यात विरघळत नाही. तांब्याचे कण एकमेकांना टेकलेले असतात, पृष्ठभागाचे कण विरघळले की पाणी आतल्या कणांपर्यंत पोचते आणि मागे रिकाम्या कोशांचा चाळणीसारखा थर उरतो. हा थर जाड होत जातो तसा सुटण्याचा दर घटतो. हंगामाच्या शेवटी रंग शाबूत दिसला तरी त्यातील शक्ती संपलेली असते. झिजणाऱ्या रंगात राळेसारखे द्रव्य असते आणि ते किंचित अल्कधर्मी समुद्रजलात हळूहळू विरघळत जाते, त्यामुळे ताजा थर उघडा पडत राहतो. स्वयंघासणाऱ्या सहबहुवारिकांत (कोपॉलिमर रंगांत) हीच क्रिया बंधकाच्या जलीय विघटनाने, अधिक नियंत्रितपणे घडते.

कोरडे पडणे : नौका पाण्याबाहेर काढली की विरघळणे थांबते, परंतु हवेतील ऑक्सिजन, आर्द्रता व कार्बन डाय-ऑक्साइड यांच्याशी पृष्ठभागावरील तांब्याची विक्रिया चालू राहते. त्यातून बनणारी हिरवट कार्बोनेटे व क्युप्रिक ऑक्साइड पाण्यात फारशी विरघळत नाहीत आणि कठीण रंगाच्या चाळणीची छिद्रे त्यांनी बुजतात. म्हणून बहुतेक कठीण रंग एकदा भिजून पुन्हा दीर्घकाळ सुकले की नव्या हाताशिवाय भरवशाचे राहत नाहीत. बारीक घासल्यास काही अंशी शक्ती परत येते, इतकेच. झिजणाऱ्या बहुहंगामी रंगात मात्र मृत झालेला पातळ थर पाण्यात उतरल्यावर झिजून जातो आणि खालचा रंग पुन्हा काम करू लागतो. रंग लावल्यापासून पहिल्यांदा पाण्यात उतरवण्यापर्यंत किती दिवस गेले तरी चालतील, ही मर्यादा रंगागणिक बदलते. ती डब्यावर छापलेली असते व ती पाळणे अत्यावश्यक आहे.

निवड : पहिला प्रश्न कोणता रंग हा नसून रंग लावावा का हा आहे. जी नौका दर फेरीनंतर ट्रेलरवर परत येते, तिला तळरंगाची गरज नाही. असा रंग लावल्याने गुळगुळीत जेलकोट (फायबरग्लासाचा बाहेरचा चकचकीत थर) कायमचा खरखरीत होतो आणि तो पुन्हा काढणे हे फार कष्टाचे काम आहे. आठवडा-दोन आठवड्यांच्या मुक्कामासाठीही मेणाचा हात आणि अधूनमधून मऊ ब्रशने पुसणे पुरते. मात्र उबदार समुद्रात हा अवधी कमी धरावा लागतो, कारण तेथे बार्नॅकल काही दिवसांतच दिसू लागतात. नौका संपूर्ण हंगाम पाण्यात बांधून ठेवायची असेल, तर रंग टाळता येत नाही.

हंगामभर पाण्यात व मधूनमधून ट्रेलरवर, अशा मिश्र वापरासाठी बहुहंगामी झिजणारा सहबहुवारिक रंग हाच सामान्यतः योग्य पर्याय आहे. त्याची अडचण रसायनात नसून ट्रेलरमध्ये आहे. तळ ज्या रोलरांवर किंवा गालिचा लावलेल्या फळ्यांवर टेकतो, तेथे मऊ रंग खरवडून निघतो. म्हणून झिजणाऱ्या रंगांतही तुलनेने टणक वाण निवडावे आणि टेकूच्या पट्ट्यांवर एक जादा हात द्यावा. अतिशय मऊ, राळेचे प्रमाण अधिक असलेले स्वस्त रंग या नौकांसाठी वर्ज्य मानावेत. गोड्या पाण्यात शर्यतीसाठी वापरल्या जाणाऱ्या नौकांना फ्ल्युओरोबहुवारिकयुक्त तलम व गुळगुळीत रंग सोयीचा असतो. तो दर हंगामी लावावा लागतो आणि इतर जातींच्या जुन्या रंगावर धरत नाही. ताम्रचूर्ण मिसळलेला इपॉक्सी लेप अनेक वर्षे टिकतो, पण सुरुवातीचा खर्च व तयारी पाहता लहान नौकेसाठी तो क्वचितच निवडला जातो. सिलिकोनचे निसरडे लेप जीवनाशकाविना काम करतात, मात्र ट्रेलरवरील घर्षण त्यांना सोसत नाही.

जुना रंग असलेली नौका विकत घेतल्यास त्याची जात ओळखणे आवश्यक ठरते. ओल्या फडक्याने चोळल्यावर रंग उतरला तर तो बहुधा झिजणारा असतो. कठीण रंग घासून त्यावर झिजणारा लावता येतो. याउलट मऊ रंगावर कठीण रंगाचा हात दिला तर तो पापुद्रे धरून निघतो.

फायबरग्लास व धातूचे भाग : साच्यातून निघालेल्या जेलकोटावर मेणाचा अंश राहतो. तो द्रावकाने पुसून काढल्यानंतरच ८० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने घासावे. आधी घासल्यास मेण ओरखड्यांत रुतून बसते. पॉलिएस्टर फायबरग्लासात पाणी झिरपून फोड येऊ शकतात, त्यामुळे दीर्घकाळ पाण्यात राहणाऱ्या नौकेला तळरंगाआधी सुमारे २५० मायक्रॉन जाडीचा इपॉक्सी अडसरलेप देतात. बहुतेक काळ ट्रेलरवर सुकणाऱ्या नौकेला तो अनिवार्य नाही.

फायबरग्लास वीजवाहक नसल्याने त्यावर ताम्ररंग निर्धोक असतो, परंतु ‘अलार्म’च्या खिळ्यांची कथा धातूच्या भागांवर पुन्हा घडू शकते. ओतीव लोखंडाची वर उचलता येणारी कील (तळाखाली उतरणारे पाते) तांब्यापासून इपॉक्सीने पूर्णपणे विलग करावी. नौकेच्या मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनाचा (आउटबोर्डचा) अल्युमिनियमचा पाय क्युप्रस ऑक्साइडयुक्त रंगाने कधीही रंगवू नये. त्यासाठी ताम्रविरहित, किंवा निर्मात्याने मान्य केले असल्यास ताम्र-थायोसायनेटयुक्त रंग वापरतात. कीलची खोबण ही या नौकांची खरी दुखरी जागा आहे : तेथे ब्रश पोचत नाही, प्रकाश नसला तरी बार्नॅकल वाढतात आणि कील अडकून बसते. नौका उचलून धरलेली असतानाच लांब दांड्याच्या रोलरने ही खोबण रंगवून घ्यावी.

प्रमाण : मध्यम अंगाच्या शीडनौकेचे भिजणारे क्षेत्र जलरेषेची लांबी × (रुंदी + डूब) × ०·७५ या सूत्राने अंदाजता येते (डूब म्हणजे नौका पाण्याखाली जेवढी खोल जाते ती खोली). ६·५ मी. जलरेषा, २·४ मी. रुंदी व ०·६ मी. डूब असल्यास ते सुमारे १४·६ चौ. मी. येते; कील व सुकाणू वेगळे धरावेत. पहिला हात निराळ्या रंगछटेचा दिल्यास वरचा थर कोठे झिजला हे लगेच दिसते. जलरेषेवर व सुकाणूच्या अग्रकडेवर जादा हात द्यावा, आणि सामान चढवल्यावर नौका खोल बसते म्हणून रंगाची कड रिकाम्या नौकेच्या जलरेषेच्या काही सेंमी. वर घ्यावी.

निर्बंध : सेंद्रिय कथिलयुक्त रंग एके काळी सर्वांत प्रभावी मानले जात. फ्रान्समधील आर्काशॉं उपसागरात कालवांची कवचे विकृत होऊ लागल्यावर त्या देशाने १९८२ मध्ये २५ मी.पेक्षा लहान नौकांवर त्यांस मनाई केली. ब्रिटनने १९८७ मध्ये व अमेरिकेने १९८८ मध्ये तसेच निर्बंध घातले. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा यासंबंधीचा करार २००१ मध्ये संमत होऊन १७ सप्टेंबर २००८ पासून अंमलात आला. १ जानेवारी २०२३ पासून सायब्युट्रीन या शैवालनाशकाचाही त्यात समावेश झाला. तांब्यावरील नियम प्रादेशिक आहेत. कॅलिफोर्नियात करमणुकीच्या नौकांच्या रंगांतून तांबे सुटण्याचा दर २०१८ पासून दिवसाला दर चौ. सेंमी.स ९·५ मायक्रोग्रॅम इतका सीमित केला आहे. ट्रेलरवरची नौका एका जलाशयातून दुसऱ्यात जात असल्याने ती जेथे उतरवायची त्या प्रत्येक ठिकाणचा नियम तिला लागू होतो.

जुना रंग कोरडा घासल्यास तांब्याची विषारी धूळ उडते. तो पाणी मारून, श्वसनमुखवटा लावून व खाली ताडपत्री अंथरूनच घासावा आणि खरवड गोळा करून घातक कचऱ्यात द्यावी. तळरंग असला तरी खोबणीत, ट्रेलरच्या चौकटीत आणि साचलेल्या पाण्यात शिंपल्यांची पिल्ले व वनस्पतींचे तुकडे प्रवास करतात. जलाशय बदलण्यापूर्वी नौका व ट्रेलर धुऊन, पाणी काढून पूर्ण सुकवावे लागतात.