भिंतीवरच्या दरपत्रकामागची सत्तर वर्षे

महाराष्ट्रातील खासगी रुग्णालयाच्या दर्शनी भागात आज रुग्णहक्कांची सनद आणि उपचारांचे दरपत्रक लावणे बंधनकारक आहे. हे बंधन आले जानेवारी २०२१ मध्ये, महाराष्ट्र शुश्रूषागृह (नर्सिंग होम) नोंदणी नियमांत झालेल्या दुरुस्तीने. मूळ कायदा मात्र १९४९ चा, म्हणजे महाराष्ट्र राज्याहूनही अकरा वर्षांनी मोठा. दाखल होण्याआधी खर्चाचा अंदाज मिळावा, ही रुग्णाची साधी अपेक्षा कायद्याच्या भाषेत उतरायला एवढा काळ का लागला, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

तत्कालीन मुंबई प्रांतात संमत झालेल्या १९४९ च्या अधिनियमाचा हेतू मर्यादित होता. शुश्रूषागृह किंवा प्रसूतिगृह चालवणाऱ्याने स्थानिक पर्यवेक्षी प्राधिकाऱ्याकडे नोंदणी करावी, जागा आणि परिचारिकावर्ग योग्य असावा आणि अधिकाऱ्याला तपासणी करता यावी, एवढेच त्यात अपेक्षित होते. हा व्यवहार सरकार आणि रुग्णालय यांच्यातला होता. रुग्णाला काय कळले पाहिजे, हा प्रश्न त्यात आलाच नाही. कायद्याखालचे नियम १९७३ मध्ये झाले, तरी ही दृष्टी बदलली नाही.

आरोग्यसेवेतील नोंदींना धार आली ती वेगळ्याच वाटेने. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८० च्या दशकात मुंबईत स्त्री संघटनांनी आणि काही डॉक्टरांनी उभ्या केलेल्या चळवळीमुळे १९८८ मध्ये महाराष्ट्राने प्रसवपूर्व निदान तंत्रांच्या वापराचे नियमन करणारा कायदा केला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. पुढे १९९४ मध्ये केंद्रीय कायदा आला आणि त्याच्या अंमलबजावणीत ‘एफ फॉर्म’ हा कळीचा कागद ठरला. गर्भवतीची सोनोग्राफी करताना तिचे वय, तिला किती मुलगे व किती मुली आहेत, तिला कोणी पाठवले आणि तपासणी कशासाठी, हे सारे त्यात लिहायचे आणि सोनोग्राफी केंद्राने मागील महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत पाठवायचा. नोंदीतील त्रुटी हाच कायद्याचा भंग मानला जातो आणि ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये उचलून धरली. तरीही शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ अशी घसरत गेली. अर्ज भरून घेणे आणि भरलेल्या अर्जांचा अर्थ लावून वेळेवर कारवाई करणे यांत किती अंतर पडू शकते, याचा इतका वेदनादायक पुरावा दुसरा क्वचितच सापडेल.

शुश्रूषागृह कायद्याकडे पुन्हा लक्ष गेले ते न्यायालयामुळे. मुंबईतील खासगी शुश्रूषागृहांच्या दर्जाबाबत १९८० च्या दशकाअखेरीस उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि कायदा असूनही त्याची अंमलबजावणी होत नसल्याचे समोर आले. पुढे २००५-०६ च्या सुमारास कायद्यात दुरुस्ती झाली. जन आरोग्य अभियानासारख्या संघटनांनी नियमांच्या मसुद्यासाठी पाठपुरावा केला. पण मसुदा वर्षानुवर्षे पडून राहिला. दरम्यान संसदेने २०१० मध्ये वैद्यकीय आस्थापना कायदा केला. आरोग्य हा राज्यसूचीतील विषय असल्याने तो स्वीकारायचा की नाही, हे राज्यांनी ठरवायचे होते. महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही आणि स्वतःचा पर्यायी मसुदाही कायद्यापर्यंत नेला नाही. तालुक्याच्या गावी दहा खाटांचे रुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टर दांपत्याला मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयाचे निकष लावू नयेत, हा वैद्यकीय व्यावसायिकांचा आक्षेप रास्त होता. पण दर लावायला आणि तपशीलवार बिल द्यायला मोठी इमारत लागत नाही.

कोंडी फुटली ती करोनाच्या साथीत. बिलांविषयीच्या तक्रारी वाढल्यावर राज्य सरकारने २१ मे २०२० रोजी अधिसूचना काढून खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांसाठी कमाल दर ठरवले: साध्या विलगीकरण कक्षासाठी दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरविना अतिदक्षता विभागासाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,०००. त्यासाठी ज्या कायद्यांचा आधार घेतला, त्यांत मुंबई-पुण्यातील प्लेगच्या वेळचा १८९७ चा साथरोग कायदाही होता. बिले तपासण्यासाठी लेखापरीक्षक नेमले गेले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णहक्कांची सनद २०१९ मध्येच राज्यांकडे पाठवली होती. तिचे महत्त्व घराघरांत पोहोचले ते या काळात.

त्यानंतर आलेल्या २०२१ च्या नियमांत पंधरा बाबींचे दर लावायला सांगितले आहे. प्रवेश शुल्क, खाटेचे व अतिदक्षता विभागाचे दैनिक दर, डॉक्टरांची प्रत्येक भेटीची फी, भूल, शस्त्रक्रियागृह, शुश्रूषा, सलाईन व रक्त चढवणे, ऑक्सिजन, मॉनिटर, पॅथॉलॉजी, सोनोग्राफी अशी ती यादी आहे. ज्याने कधी अनामत रक्कम भरताना काउंटरवर ‘बाकीचे नंतर कळेल’ हे उत्तर ऐकले असेल, त्याला या एकेका ओळीचे मोल वेगळे सांगायला नको. त्याशिवाय तक्रारनिवारणाची आणि टोल-फ्री क्रमांकाची तरतूद आहे, आणि थकलेल्या बिलापोटी मृतदेह अडवून ठेवण्यास मनाई आहे.

तथापि हे दर किती असावेत, हे रुग्णालयानेच ठरवायचे आहे. शिवाय सोनोग्राफी केंद्राच्या मासिक अहवालाप्रमाणे दरपत्रक दरमहा प्राधिकाऱ्याकडे पाठवण्याची अट नाही. त्यामुळे गावातल्या दोन रुग्णालयांचे दर ताडून पाहायचे, तर रुग्णाच्या नातेवाइकाला आजही दोन्ही ठिकाणी जाऊन त्या फलकांसमोर उभे राहावे लागते.