रॅम्पवरचे ‘विचित्र’ कपडे: एक खुलासा

‘असले कपडे घालणार कोण? नुसती प्रसिद्धी!’ फॅशन शोच्या रॅम्पवरचे फोटो बघून आपल्याकडे वर्षानुवर्षं हेच बोललं जातं. ते चूक आहे. जपानच्या फॅशन डिझायनर रेई कावाकुबो यांनी १९९७च्या कपड्यांच्या संग्रहात साध्या चौकडीच्या, ताणल्या जाणाऱ्या कापडाखाली पाठीवर, खांद्यावर, कमरेवर मऊ गाद्या भरल्या. बाईच्या अंगाचा ‘सुंदर’ आकार ठरवतं कोण, हा त्यांचा प्रश्न होता. त्याच वर्षी अमेरिकी नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम यांचे नर्तक तसेच कपडे घालून नाचले. म्हणजे घातलेही गेले!

कपडा माणसाकडे बघण्याची नजर बदलतो, हे सोलापूरकरांना तर लगेच पटावं. देशभरातल्या शाळांचे गणवेश आपण शिवतो. खाकी शर्टाच्या खांद्यावर नुसती पट्टी चढली, तरी माणूस ताठ चालतो आणि समोरचाही अदबीनं बोलतो.