शिरोफुदा फसली तेव्हा

१९२९ साली सनटोरी शिरोफुदा ही जपानची पहिली अस्सल देशी व्हिस्की बाजारात आली आणि पडली. पीटच्या (दलदलीतल्या कुजक्या वनस्पतींच्या इंधनाच्या) धुरावर वाळवलेल्या माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीचा, वास गिऱ्हाइकांना मानवला नाही. आज जपानी ब्लेंडचा, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्की मिसळून केलेल्या व्हिस्कीचा, जो मऊपणा लोक वाखाणतात, त्याचं मूळ मला या फसण्यात दिसतं.

ती बनवणारे मासाताका ताकेत्सुरू हिरोशिमा प्रांतातल्या साके (तांदळाचं मद्य) बनवणाऱ्या घराण्यातले. १९१८ मध्ये ते स्कॉटलंडला गेले, ग्लासगोत रसायनशास्त्र शिकले, लाँगमॉर्न आणि हेझेलबर्न या डिस्टिलऱ्यांत (व्हिस्की गाळण्याच्या कारखान्यांत) उमेदवारी केली. त्यांना कामावर घेणारे शिंजिरो तोरी हे ओसाकाचे व्यापारी. गोड ‘अकादामा पोर्ट वाइन’ने त्यांचा धंदा, म्हणजे पुढची सनटोरी, उभा केला होता. क्योटोजवळ यामाझाकीची डिस्टिलरी १९२३ मध्ये बांधायला घेतली. ताकेत्सुरूंना स्कॉटलंडची चव हवी होती, तोरींना जपानी माणसाला रुचेल अशी. १९३४ मध्ये ताकेत्सुरू होक्काइदो बेटावरच्या योइचीला गेले आणि स्वतःची कंपनी काढली, तीच पुढे निक्का झाली. व्हिस्की मुरेपर्यंत त्यांनी सफरचंदाचा रस विकला. इकडे तोरींची काकुबिन ही व्हिस्की १९३७ मध्ये आली आणि चालली.

या फाटाफुटीचा परिणाम खोलवर गेला. स्कॉटलंडमध्ये ब्लेंड करणारा इतरांच्या डिस्टिलऱ्यांतली पिंपं अदलाबदलीने मिळवतो. जपानमध्ये ती रीत रुजली नाही, म्हणून सगळी विविधता घरातच तयार करावी लागली. यामाझाकीत तांब्याच्या भट्ट्याच वेगवेगळ्या आकारांच्या ठेवल्या. यीस्ट वेगळं, पिंपांचं लाकूडही वेगळं. हलक्या ग्रेन व्हिस्कीसाठी (ती मका वगैरे धान्यांपासून करतात) निक्काने १९६३ मध्ये स्कॉटलंडहून कॉफी स्टिल हे गाळण्याचं यंत्र आणलं (कॉफीशी संबंध नाही, ते त्याच्या निर्मात्याचं आडनाव), तर सनटोरीने १९७२ मध्ये चिता डिस्टिलरी उभारली.

मिझुनारा हा जपानी ओक तर नाइलाजाने आला. युद्धकाळात परदेशी पिंपं मिळेनात. हे लाकूड गळकं, घडवायला अवघड. पण वर्षानुवर्षं मुरल्यावर त्यातून चंदनाचा, देवळातल्या धुपाचा वास येऊ लागतो. सनटोरीच्या हिबिकी या ब्लेंडच्या घोटात तो शेवटी, अगदी हळू उमटतो. २००९ च्या हिबिकी १२ मध्ये उमेशूच्या, म्हणजे जपानी आलुबुखाराच्या मद्याच्या, पिंपांत मुरलेली व्हिस्कीही होती.

चव घेताना एक गोष्ट विसरू नये: जपानात व्हिस्की जेवणासोबत, भरपूर पाणी किंवा सोडा घालून पितात. मिझुवारी (पाणी घातलेली) किंवा हायबॉलमध्ये (सोडा घातलेली) जे ब्लेंड कोसळतं, ते तिथे टिकत नाही. म्हणून पाणी न घालता नुसती चाखून व्हिस्कीचा न्याय करणं मला अपुरं वाटतं.

१९८३ नंतर जपानात खप पंचवीस वर्षं घसरत गेला, उत्पादन आखडलं. हायबॉलमुळे मागणी परतली तेव्हा जुना साठाच पुरेना. २०१८ मध्ये हिबिकी १७ (किमान सतरा वर्षं मुरवलेली) थांबवावी लागली. दरम्यान परदेशी व्हिस्की जपानी लेबलाखाली भरणं सर्रास चालू होतं. अखेर २०२१ मध्ये उत्पादकांच्या संघटनेने नियम केला: गाळणं, किमान तीन वर्षं लाकडी पिंपात मुरवणं आणि बाटलीत भरणं, सगळं जपानातच. निक्काची लाडकी ‘फ्रॉम द बॅरल’ ही व्हिस्की या व्याख्येत बसत नाही, आणि कंपनी ते उघडपणे सांगते.