सीनियर डान्सरांच्या फेलोशिपचा फॉर्म असा का झाला

वीस-पंचवीस वर्षं स्टेजवर काढलेला डान्सर पहिल्यांदा फेलोशिपचा फॉर्म उघडतो तेव्हा चक्रावतोच, कारण तिथे नाचाबद्दल फारसं कोणी विचारतच नाहीये. प्रोजेक्टचं नाव काय, उद्देश काय, या विषयावर आधी कोणी काय काम केलंय, तुम्ही त्यात नवीन काय करणार, कुठल्या महिन्यात काय करणार, शेवटी हातात काय देणार, ओळखीच्या जाणकारांची नावं द्या, आणि मग कुठेतरी खाली व्हिडिओची लिंक. मग साहजिक चिडचिड होते, की अरे मला नाचता येतं म्हणून अर्ज करतोय ना, हे पीएचडीचं काय मध्येच. माझं सरळ मत असं आहे की हा फॉर्म डान्सरांसाठी बनलाच नव्हता, तो अभ्यासकांसाठी बनला, डान्सर नंतर त्यात घुसले, काही जण तर अक्षरशः भांडून घुसले, आणि फॉर्ममधल्या जवळजवळ प्रत्येक रकान्यामागे त्यातलीच एखादी गोष्ट आहे.

आधी तर फॉर्म नावाची भानगडच नव्हती. नाचणाऱ्याला पोसायचा तो राजा, देऊळ किंवा एखादा श्रीमंत शौकीन. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने 1661 साली नृत्याची अकादमी काढली ती दरबारातल्या नृत्यगुरूंना घेऊन. आपल्याकडे बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या लग्नाच्या निमित्ताने 1880च्या सुमारास तंजावरच्या नर्तकी आल्या आणि दरबारच्या पगारावर राहिल्या, तिथे कलावंतांसाठी चक्क वेगळं खातं होतं, कलावंत कारखाना म्हणायचे त्याला. म्हणजे नोकरीच ती, आज नाच, उद्या नाच, पगार घे. पण त्यात एक गोष्ट कधीच नव्हती, ती म्हणजे न नाचण्यासाठी पैसे. थोडं थांब, विचार कर, दुसरीकडे जाऊन बघून ये, एक वर्ष काहीच दाखवू नकोस, ही सवलत दरबाराने कोणाला दिली नाही. फेलोशिपचं सगळं वेगळेपण इथेच आहे आणि ती कल्पना आली युनिव्हर्सिटीकडून.

1925 साली अमेरिकेत गुगेनहाइम फाउंडेशनची सुरुवात झाली. सिनेटर सायमन गुगेनहाइम आणि त्यांची बायको ऑल्गा यांचा मुलगा 1922 मध्ये गेला होता, त्याच्या नावाने. योजना आखून द्यायला जे लोक होते त्यातले फ्रँक एडलॉट आणि हेन्री ॲलन मो हे दोघंही ऱ्होड्स स्कॉलर, म्हणजे ऑक्सफर्डला शिकून आलेले, त्यामुळे ढाचा तोच राहिला. आधी काही करून दाखवलेला माणूस, त्याच्या डोक्यातली एक ठरलेली योजना, आणि त्याला ओळखणाऱ्यांची शिफारसपत्रं. लेखकाला हे सोपं, इतिहासकाराला सोपं, संगीतकारसुद्धा नोटेशन पाठवू शकतो (पहिल्याच वर्षीच्या यादीत एरन कोपलँड होता), पण डान्सरने पाकिटात घालून काय पाठवायचं? 1932 मध्ये अमेरिकन मॉडर्न डान्सवाल्या मार्था ग्रॅहमला ही फेलोशिप मिळाली, डान्सरला मिळालेली ती पहिलीच, आणि ती मेक्सिकोला गेली. सात वर्षं लागली त्यांना एका डान्सरपर्यंत यायला.

मला मात्र या सगळ्या इतिहासात सगळ्यात महत्त्वाची बाई वाटते ती कॅथरीन डनहम, अमेरिकेतली कृष्णवर्णीय डान्सर. शिकागो युनिव्हर्सिटीत मानववंशशास्त्र शिकत होती आणि एकीकडे डान्सही करत होती. ज्युलियस रोझेनवाल्ड, सीअर्स या मोठ्या अमेरिकन दुकान-कंपनीचे प्रमुख, त्यांचा एक फंड होता जो कृष्णवर्णीय विद्वानांना आणि कलावंतांना फेलोशिप द्यायचा. 1935 मध्ये तिला त्या कमिटीसमोर बोलावलं. ती नंतर स्वतः सांगायची तो किस्सा असा, की कमिटीने विचारलं तुला नक्की काय करायचंय, तर ती म्हणाली दाखवू का, आणि अंगावरचा व्यवस्थित सूट उतरवला, आत डान्सचे कपडे घालूनच आली होती. आधी शाळेत शिकवतात तसलं बॅले करून दाखवलं, मग आफ्रिकन वळणाचं काहीतरी, आणि म्हणाली मला हे दुसरं जिथून आलं तिथे जाऊन बघायचंय. पैसे मिळाले. मग नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीत मानववंशशास्त्रज्ञ मेल्विल हर्स्कोविट्स यांच्याकडे काही महिने फील्डवर्क कसं करायचं ते शिकली आणि जमैका, मार्टिनिक, त्रिनिदाद, हैती फिरली.

या किश्श्यातली गंमत नीट बघा. तिने नाचून दाखवलं हे खरं, पण पैसे नाचाला नाही मिळाले, प्रश्नाला मिळाले. हे लोक असं का नाचतात, हा प्रश्न. आजही फॉर्ममधला तो 'प्रकल्पाचा उद्देश' रकाना हेच विचारत असतो, फक्त आता तुम्हाला सूट उतरवून दाखवायची सोय नाही. आणि त्याची किंमतही डनहमनेच मोजली, कारण परत आल्यावर अभ्यासक व्हायचं की डान्सर हे तिला ठरवावं लागलं. तिने स्टेज निवडलं, 1938 मध्ये मार्टिनिकच्या मटेरियलवरून आख्खा बॅले उभा केला. त्याच फंडातून 1948 मध्ये पर्ल प्रायमस ही दुसरी डान्सर आफ्रिकेत गेली, तीसुद्धा डान्स शिकायला आणि नोंदवायला. त्याच वर्षी फंड बंद झाला, कारण सगळे पैसे खर्च करून संपवायचेच असं रोझेनवाल्ड यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. असे देणगीदार आता कुठे मिळतात.

यानंतर पैसा वाढला पण माणसाकडून संस्थेकडे सरकला. 1963 च्या डिसेंबरात फोर्ड फाउंडेशनने बॅलेसाठी साधारण पाऊण कोटी डॉलर जाहीर केले, त्यातला मोठा वाटा न्यूयॉर्कचा बॅले कोरिओग्राफर जॉर्ज बॅलन्शीन याच्या शाळेला आणि कंपनीला, आणि मॉडर्न डान्सवाल्यांच्या हातात शून्य. प्रचंड बोंबाबोंब झाली. दोन वर्षांनी, 1965 मध्ये, अमेरिकेचं सरकारी नॅशनल एंडोमेंट फॉर द आर्ट्स निघालं आणि तिथे संस्थांसोबत एकेकट्या कोरिओग्राफरलाही फेलोशिप मिळायला लागल्या. महत्त्वाचं म्हणजे निवड करायला पॅनल बसवलं ते त्याच क्षेत्रातल्या लोकांचं. हे ऐकायला भारी वाटतं आणि आहेच, पण त्याचा एक परिणाम असा की आता तुमचा अर्ज वाचणाऱ्यात तुमचा नाच न आवडणारा डान्सरही असू शकतो, आणि दुसऱ्या शैलीतला, ज्याला तुमच्या शैलीतलं ओ का ठो कळत नाही, असाही असू शकतो. म्हणून मग अर्जात सगळं उलगडून लिहावं लागतं. आपल्याला जे उघड वाटतं तेच नेमकं पॅनलमधल्या तिघांना नवीन असतं.

व्हिडिओचं प्रकरण त्याच काळातलं. साठच्या दशकाच्या शेवटी हातात धरता येणारा व्हिडिओ कॅमेरा बाजारात आला, पुढे कॅसेट आल्या, आणि जे काम आधी कोणीतरी थिएटरात जाऊन बसून बघण्यावर किंवा वर्तमानपत्रातल्या परीक्षणांच्या कात्रणांवर चालायचं ते टेपवर आलं. ज्या गावात कोणी परीक्षक कधीच फिरकला नसता तिथल्या डान्सरला हे वरदान होतं. पण एका पॅनलसमोर शेकडो टेपा, मग प्रत्येकाची काही मिनिटंच बघणार ना, आणि तिथून ती मिनिटांची मर्यादा आली जी आज प्रत्येक फॉर्ममध्ये असते. ज्या नाचात पहिली पाच मिनिटं नुसता माहोल तयार होतो त्याचं यात पार वाट्टोळं होतं. अभिनयाचं तर विचारूच नका, लांबून लावलेल्या कॅमेऱ्यात चेहराच दिसत नाही.

नव्वदच्या दशकात अमेरिकेत हा सगळा डोलारा हलला. 1990 मध्ये चार परफॉर्मन्स आर्टिस्टना पॅनलने शिफारस करूनही एंडोमेंटच्या अध्यक्षांनी अनुदान नाकारलं, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, 1998 मध्ये निकाल लागला तो सरकारच्या बाजूने. त्याआधीच 1996 पासून काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, एकेकट्या कलावंताला थेट पैसे देणं जवळपास बंद करून टाकलं होतं, लेखकांसारखे मोजके अपवाद सोडून. डान्सर त्या अपवादात नव्हते, परंपरागत लोककलांच्या सन्मानात बसणारे थोडे सोडले तर. मग भार आला खाजगी फाउंडेशनवर. त्यातली मॅकआर्थर फाउंडेशनची फेलोशिप सगळ्यात गाजलेली, 1981 पासूनची, 1985 मध्ये मर्स कनिंगहॅम आणि पॉल टेलर या दोन्ही कोरिओग्राफरना एकदमच मिळाली, पण तिथे अर्जच करता येत नाही, कोणीतरी गुपचूप तुमचं नाव सुचवायचं आणि तुम्हाला एक दिवस फोन यायचा. फॉर्मचा कंटाळा असणाऱ्यांचं स्वप्नच, फक्त त्या यादीत यायला आधी कोणीतरी तुम्हाला बघितलेलं लागतं.

भारतातली गोष्ट थोडी वेगळ्या वाटेने गेली. संस्थानं विलीन झाली, देवदासी प्रथेवर 1947 मध्ये मद्रासला कायदा आला, म्हणजे नाचाचे दोन्ही जुने आश्रय पाठोपाठ गेले आणि सरकारनेच दरबार व्हावं अशी अपेक्षा तयार झाली. 28 जानेवारी 1953 ला संगीत नाटक अकादमीचं उद्घाटन झालं. अकादमीची फेलोशिप म्हणजे रत्न सदस्यता, तो सन्मान आहे, एका वेळी हयात रत्न सदस्य 40 पर्यंतच, आणि त्यासाठी स्वतः अर्ज करायचा नसतो. दर वर्षी लोक यात गोंधळतात म्हणून सांगतोय. अर्ज करायची ती सांस्कृतिक मंत्रालयाची सीनियर फेलोशिप, जिचं काम सीसीआरटी (सेंटर फॉर कल्चरल रिसोर्सेस अँड ट्रेनिंग) ही 1979 मध्ये निघालेली संस्था बघते. चाळिशी ओलांडलेल्यांना सीनियर, 25 ते 40 ला ज्युनियर, दोन वर्षांसाठी महिना 20 हजार आणि 10 हजार, दोन्हीकडे वर्षाला 200 पर्यंत जागा, पण या जागा एकट्या नाचाच्या नाहीत, संगीत, नाटक, चित्रकला, साहित्य सगळे त्यात. नियमात स्वच्छ लिहिलंय की हे पैसे संशोधनाच्या स्वरूपाच्या प्रकल्पासाठी आहेत, ट्रेनिंग द्यायला, वर्कशॉप घ्यायला किंवा आत्मचरित्र लिहायला नाहीत. आणि सीनियर डान्सरला सगळ्यात आधी सुचतं ते नेमकं हेच तिन्ही, मी शिबिर घेईन, मी मुलींना तयार करेन, मी माझा प्रवास लिहून काढेन.

तेच मटेरियल प्रश्न करून मांडलं तर बसतं. "माझ्या गुरूंच्या जुन्या रचना मी विद्यार्थिनींना शिकवणार" हे ट्रेनिंग झालं. "माझ्या गुरूंनी अमुक काळात बसवलेल्या रचना आज तीन शिष्यांकडे तीन वेगवेगळ्या रूपात आहेत, त्या रेकॉर्ड करून फरक कुठे आणि का पडला ते नोंदवणार" हे झालं संशोधन. काम तेवढंच, घाम तेवढाच, आणि डनहमच्या कमिटीलाही तेच हवं होतं. याला लबाडी म्हणणारे आहेत, मला नाही वाटत तसं, उलट कित्येकदा लिहिता लिहिताच कळतं की आपल्याकडे खरंच एक प्रश्न होता जो आपण इतकी वर्षं फक्त अंगाने सोडवत होतो.

आता त्या वयाच्या अटीबद्दल. पॅरिस ऑपेराच्या डान्सरला 42 व्या वर्षी पेन्शन देऊन मोकळं करतात, आणि आपल्याकडे त्याच सुमाराला माणूस सीनियर म्हणून अर्ज करायला पात्र होतो. पाश्चात्त्य बॅलेत अनुभवी डान्सरसाठी पैसा बराच काळ दुसऱ्याच कारणासाठी निघायचा, नाच सोडून दुसरं काही शिकायला. ब्रिटनमध्ये सत्तरच्या दशकात तसा फंड आला, कॅनडा आणि अमेरिकेत 1985 मध्ये, नेदरलँड्समध्ये 1986 मध्ये. गुडघे गेले, आता अकाउंटिंग शिका, फी आम्ही भरतो. वाईट नाही ते, खूप जणांचे संसार त्यावर उभे राहिले, पण त्यात एक गृहीतक होतंच की चाळिशीनंतर डान्सरकडे देण्यासारखं काही उरत नाही. ते खोडून काढायला कोरिओग्राफर यिर्झी किलियानने 1991 मध्ये नेदरलँड्स डान्स थिएटरची तिसरी कंपनी काढली, फक्त चाळिशीच्या पुढच्यांची, आणि ती 2006 पर्यंत चालली, बंद पडली ती पैशाअभावी. जपानचा डान्सर काझुओ ओनो याने तर 1977 मध्ये 71 व्या वर्षी केलेल्या सोलोने जगभर नाव काढलं आणि पुढे नव्वदी पार करूनही तो स्टेजवर येत राहिला. कथक-भरतनाट्यम् करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही, अभिनय पन्नाशीतच पिकतो असं आपण ऐकतच मोठे झालो. पण पॅनलवर बॅलेवाला बसलेला असेल तर त्याला हे लिहून सांगावं लागतं, की या शैलीत माझी सगळ्यात कसदार वर्षं आत्ता सुरू होतायत आणि म्हणून हे काम आत्ताच का. 'आत्ताच का' हा प्रश्न बऱ्याच फॉर्ममध्ये असतो आणि बहुतेक जण तिथे "मला पूर्वीपासून आवड होती" टाइप काहीतरी लिहून मोकळे होतात. गुरू ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्यांच्या रचना कोणाकडेच पूर्ण रेकॉर्ड नाहीत, हे लिहा ना तिथे.